शेंगेवरची लव

जयवंत घाडींना चाळीत कुणी चित्रकार म्हणत नसे. गणपतीत मखराची नक्षी, लग्नात दारावरची नावांची पाटी, बारशाला पाळण्यावरचा मोर, एवढ्यापुरती त्यांची आठवण व्हायची. तेव्हाही 'घाडीकाका, जरा रंगवून द्या ना' एवढंच. कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं झाडांची चित्रं काढली, हे सगळ्यांना माहीत होतं. पण झाडांची चित्रं काढायला सरकार पगार कशाला देईल, असं लालबागच्या चाळीत कुणालाही वाटणारच. खरं सांगायचं तर त्यांच्या बायकोला, मीराबाईंनाही, पहिली दहा वर्षं तसंच वाटत होतं.

तर आधी हे काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट. फोटोत एक झाड दिसतं, तेही वाऱ्यावर हललेलं, एक पान किड्यानं खाल्लेलं. शास्त्राच्या चित्रात ती जात दिसावी लागते. पानाची पुढची बाजू, मागची बाजू, फूल उभं चिरून आतले केसर किती ते, फळ, फळाच्या आतलं बी. सगळं डिव्हायडरनं मोजून, काळ्या शाईत. सावली द्यायची ती ठिपक्यांनी. देठावर लव असेल तर एकेक केस वेगळा काढायचा आणि नसेल तर नाही काढायचा, कारण दोन जातींमधला फरक पुष्कळदा तेवढाच असतो. अशी एक प्लेट काढायला घाडींना तीन आठवडे लागत. आणि प्लेटखाली नाव यायचं ते प्रोफेसरांचं.

घाडी मूळचे गिरणीतले. नक्षी खात्यात साड्यांच्या किनारीची फुलं काढायचे. तिथे फुलाला पाकळ्या किती, हे ग्राफच्या चौकोनांवर ठरायचं. संप झाला, गिरणी बसली ती बसलीच, आणि सव्वीस वर्षांचा हा माणूस बायकोला घेऊन रिकामा झाला. तेव्हा गिरगावच्या नाबर सरांनी त्यांना उचललं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे नाबर सर मुंबई बेटावरच्या रानझाडांचं मोठं पुस्तक लिहीत होते आणि त्यांना हात हवा होता. पहिल्या दिवशी सरांनी एक फूल समोर ठेवलं. घाडींनी सवयीनं त्याला सहा पाकळ्या काढल्या, कारण सहा छान बसत होत्या. सर म्हणाले, "जयवंता, दिसतं ते काढ. शोभतं ते नको." एवढंच. पण घाडींनी ते वाक्य जन्मभर जपलं. सरांचं नाव निघालं की हा माणूस आजही सरसावून बसतो.

पुस्तक आलं एक्याण्णव साली. एकशे बारा प्लेटी. घाडींनी प्रत्येक चित्रात बुडाशी, देठाच्या आडोशाला, तांदळाएवढ्या अक्षरांत 'ज. घा.' लिहिलं होतं. छापताना ते सगळं पांढऱ्या रंगानं झाकलं गेलं. पहिल्या पानावर आलं, 'चित्रे : विभागातर्फे'. घाडींनी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले. पण नाव छापून यावं ही एक गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून रुतून बसली ती रिटायर झाल्यावरही निघाली नाही. मीराबाईंना ते माहीत होतं. त्या कधीकधी टोचायच्या, सरांनी तुमचा हात नेला आणि नाव दारात ठेवलं. घाडींना त्याचा राग यायचा. तो राग सरांसाठी होता की स्वतःसाठी, हे त्यांनाच ठाऊक.

अशात गेल्या वर्षी दिवाळीनंतर अनुजा आली. ही त्याच कॉलेजातली नवी प्राध्यापिका, सुकवलेल्या झाडांचं कपाट आता हिच्या ताब्यात. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि ती संपादक होती. मुलगी गुणाची. चाळीचे चार जिने चढून आली, मीराबाईंच्या हातच्या आंबोळ्या खाल्ल्या, आणि म्हणाली की या वेळी तुमचं नाव येणार काका, मी बघते. घाडींनी पाणी प्यायचा तांब्या तसाच हातात धरून ठेवला. मग अनुजानं पिशवीतून एक फांदी काढली. खुळखुळ्याची. पिवळी फुलं आणि खाली वाळलेल्या शेंगा; हलवल्या की आतलं बी वाजतं म्हणून ते नाव. ही फांदी वडाळ्याच्या मिठागरांकडून आणली होती. ती म्हणाली, प्लेट सत्तेचाळीस बघा जरा. फूल याचं आहे, पान याचं आहे, शेंग मात्र दुसऱ्याच जातीची आहे. चित्रातल्या शेंगेवर लव आहे आणि ही बघा, गुळगुळीत. तेहेतीस वर्षं पोरं त्या चित्रावरून झाड ओळखायला जातात आणि चुकतात.

घाडींनी शेंग बोटांत धरून फिरवली. त्यांना बघायचीही गरज नव्हती. सत्तेचाळीस नंबर त्यांना तोंडपाठ होता.

झालं होतं असं. नव्वदच्या पावसाळ्याअखेर सरांनी वडाळ्याहून फुलांची फांदी आणली, ताजी. शेंगा धरायला अजून महिना होता. घाडी म्हणाले, सर, महिनाभर थांबू, मी स्वतः जाऊन शेंग घेऊन येतो. सरांना थांबायचं नव्हतं. प्रेसला दिवाळीच्या आत सगळं द्यायचं होतं. त्यांनी कपाटातला एक सुकवलेला नमुना काढून दिला आणि म्हणाले, यावरून घे. घाडींनी भिंगातून बघितलं. त्या नमुन्याच्या देठावर लव होती आणि समोरच्या ताज्या फांदीच्या देठावर नव्हती. ते म्हणाले, सर, ही दोन वेगळी दिसतायत. आता वनस्पतिशास्त्र शिकलेल्या माणसाला गिरणीतल्या माणसानं असं सांगावं, हे सरांना कसं रुचेल? सर म्हणाले, ते माझ्यावर सोड. आणि घाडींनी वही पुढे केली, कारण त्यांचा रिवाज होता की असं काही असेल तर सरांनी वहीत लिहून द्यायचं. सरांनी पानाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलं, 'शेंग कपाटातील नमुन्यावरून घ्यावी. फरक किरकोळ.' आणि खाली सही केली. मग घाडी बसले आणि त्या शेंगेवरचा एकेक केस त्यांनी काढला. चार दिवस लागले होते. चुकीचा म्हणून त्यातला एकही केस कमी सुबक नव्हता.

हे त्यांनी अनुजाला सांगितलं का? नाही. तिनं कुणाची चूक असं विचारलंही नाही. घाडी एवढंच म्हणाले की फांदी ठेवून जा, मी नवीन काढतो.

त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून वर्षही झालं नव्हतं आणि अडुसष्टाव्या वर्षी हात पूर्वीसारखा राहत नाही. पण गॅलरीत सकाळचा उजेड येतो तिथे पाट मांडून ते पाच दिवस बसले. गुळगुळीत शेंग काढणं लव काढण्याहून कठीण असतं. लव असली की हाताला काम असतं. गुळगुळीत भाग कागदच कोरा ठेवून दाखवावा लागतो आणि ठिपके कुठे थांबवायचे ते कळावं लागतं. शेजारचा धोंडू येता-जाता डोकावून म्हणायचा, काका, या वयात वाटाणे कसले सोलताय. घाडी हसायचे. खूप वर्षांनी ते असे हसत होते. चाळीत तोवर बातमी सगळीकडे झाली होती की घाडीकाकांचं नाव पुस्तकात येणार. ती त्यांनी स्वतःच केली होती, खोटं कशाला बोला.

चित्र झालं. अनुजाचा फोन आला, चित्र फारच सुंदर झालंय, आणि काका, तुमच्या जुन्या वह्याही द्या. प्रकाशन दादरला हॉलमध्ये आहे, त्याच दिवशी नाबर सरांचा सत्कार आहे. मी काचेच्या पेटीत तुमच्या वह्या मांडणार आहे, लोकांना कळू दे काम कसं होतं ते. विशेषतः नव्वदची वही हवी, सत्तेचाळीस नंबरची. जुनं पान आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवते.

घाडींनी पत्र्याच्या ट्रंकेतून ती वही काढली. पान उघडलं. सरांचं निळं अक्षर तसंच होतं, ताजं. 'फरक किरकोळ.' आणि त्यांना दादरचा तो हॉल डोळ्यांपुढे दिसला. सत्त्याऐंशी वर्षांचे सर, शाल-नारळ घ्यायला यायचे, सगळं कॉलेज जमणार, आणि काचेच्या पेटीत त्यांची चूक त्यांच्याच अक्षरात सहीसकट उघडी. कुणीही वाकून वाचावी.

मी म्हणतो, वही द्यायचीच नाही. हरवली म्हणून सांगायचं. किंवा ते पान उघडू नको म्हणायचं. शंभर वाटा होत्या. पण गिरणीत आणि कॉलेजात आयुष्य काढलेल्या माणसाला कामाची वही हरवली असं तोंडातून काढता येत नाही. आणि त्यांच्या हाताला एक गोष्ट येत होती, ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

नक्षी खात्यात ग्राफवर एखादा चौकोन चुकीचा रंगला तर अख्खा कागद फेकत नसत. दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घ्यायचं, आडवं धरायचं, आणि शाई जेवढ्या खोल गेली असेल तेवढाच कागद खरवडायचा. केसाएवढाही जास्त नाही. मग नरम रबर फिरवायचा आणि नखाच्या पाठीनं घासून कागदाची उठलेली लव खाली बसवायची. नीट जमलं तर त्यावर पुन्हा शाई चालते आणि फुटत नाही. घाडींना हे खात्यात सगळ्यांहून चांगलं जमायचं.

दुपारचे दोन वाजले होते. मीराबाई भांडी घासून आल्या तर नवरा गॅलरीत वहीवर वाकलेला, हातात पातं. त्यांनी विचारलं, ह्यां काय करतास? घाडींनी सांगितलं. लपवून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मीराबाई तिथेच भिंतीला टेकून बसल्या आणि जे काय बोलल्या ते बोलल्या. म्हणाल्या, अहो, तुमच्याजवळ एवढा एकच कागद आहे. उद्या कुणी तुमच्यावर ढकललं तर काय दाखवाल, बोटं? त्यांनी नाव नाही दिलं आणि तुम्ही त्यांची सही पुसताय.

घाडी मान वर न करता म्हणाले, "गिरणी बसली तेव्हा घरात तांदूळ नव्हता. तेव्हा कोण आलं होतं?"

मीराबाई उठून आत गेल्या. घाडींना तासभर लागला. अक्षर मोठं होतं आणि सरांची शाई चांगली होती, खोल गेली होती. शेवटी त्यांनी वही उजेडात तिरकी धरून बघितली. काही दिसत नव्हतं. त्यांना बरं वाटलं, आणि जरा अभिमानही वाटला.

वही गेली. महिन्याभरानं त्यांनी अनुजाला फोन करून, लाज सोडून, विचारलं की नाव राहिलं ना. ती म्हणाली की पहिल्या पानाचं कमिटीनं ऐकलं नाही, काका, तिथे फक्त लेखकाचं असतं म्हणतात. पण तुमचं नाव छापलंय. आत आहे. घाडींना तेवढं पुरेसं होतं. आत तर आत.

प्रकाशनाच्या दिवशी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तासभर आधी दादरला पोचले. मीराबाईंचे गुडघे जिने मानत नव्हते, म्हणून त्या घरीच राहिल्या. मुलगी रुपाली परळला ऑफिसात, ती संध्याकाळी परस्पर घरी येणार होती. हॉलच्या दाराशीच काचेची पेटी होती. आत नव्वदची वही, पान उघडलेलं, आणि शेजारी नवी शेंग. दोन-तीन जण वाकून बघत होते. घाडी बाजूला उभे राहिले. कुणाची नजर त्या कोपऱ्यावर थांबत नव्हती. थांबायला तिथे काही नव्हतंच.

मग चाकाच्या खुर्चीतून नाबर सर आले. खुर्ची ढकलणारा नातेवाईक स्टेजकडे वळत होता, सरांनी त्याला हातानं थांबवलं आणि पेटीकडे न्यायला लावलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून त्या पानाकडे बघत राहिले. बराच वेळ. चित्राकडे नाही, खालच्या कोपऱ्याकडे. मग मान वर केली तर समोर घाडी. सर हसले आणि म्हणाले, "हात अजून चांगला आहे रे तुझा, जयवंता."

घाडी वाकून पाया पडले. त्यांचे डोळे भरले. त्यांना वाटलं, सर नव्या शेंगेबद्दल बोलतायत.

भाषणं झाली, शाल झाली. सरांनी बसल्या बसल्या चार वाक्यं सांगितली, त्यात निसर्गाशी प्रामाणिक राहण्याबद्दल दोन होती. टाळ्या पडल्या. शेवटी प्रती वाटल्या, तेव्हा एक घाडींच्या हातात आली. जाड, गुळगुळीत कागदाची. पुस्तक इंग्रजीत, पण झाडांच्या नावांमुळे घाडींना इंग्रजी वाचायची सवय होती. पहिलं पान उलटलं. प्रस्तावना उलटली. आभार बघितले, त्यात प्रेस होता, कमिटी होती, 'विभागाचे कर्मचारी' होते. मग त्यांना सुचलं की नाव नव्या चित्राखाली असणार. त्यांनी सत्तेचाळीस उघडलं.

होतं. शेंगेखाली बारीक टाइपात पूर्ण नाव होतं, जयवंत घाडी. पहिल्या आवृत्तीत या प्लेटमधील शेंग चित्रकार जयवंत घाडी यांच्या नजरचुकीने अन्य जातीची काढली गेली होती. ती या आवृत्तीत दुरुस्त केली आहे.

त्यांनी ते तीनदा वाचलं. पुस्तकभर दुसरीकडे कुठेही ते नाव नव्हतं, हे त्यांनी नंतर बाकावर बसून, पान पान बघून, पक्कं केलं.

अनुजा पाहुण्यांना निरोप देत होती. घाडी तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि पान उघडून धरलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पोरगी लबाड नव्हती. ती म्हणाली की मला अशी चूक नाव न घेता दुरुस्त करायची होती, पण कमिटीनं विचारलं, चूक झाली कशी ते लिहा. मी सरांच्या घरी गिरगावला गेले. सर म्हणाले, मी त्याला ताजी फांदी दिली होती, त्यानं शेंग कुठून घेतली देव जाणे. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माझा विश्वास नाही बसला, काका. म्हणून मी तुमची वही मागवली. भिंगाखाली बघितली ती सगळी. सरांचा एक शब्द जरी मिळाला असता ना, तरी मी हे छापू दिलं नसतं."

घाडी म्हणाले, "होता."

"कुठे?"

घाडींनी पुस्तक मिटलं. काय सांगणार? मी पुसला, इतका छान पुसला की तुझ्या भिंगालाही सापडला नाही? पुरावा कुठला? आणि तेवढ्यात त्यांना तो चष्मा कपाळावर चढवलेला म्हातारा आठवला, कोपऱ्याकडे वाकून बघणारा, आणि हात चांगला आहे असं सर कशाबद्दल म्हणाले होते ते उमगलं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. सर गेले होते, गाडी केव्हाच गिरगावच्या रस्त्याला लागली होती. अनुजा विचारत राहिली, काका, कुठे होता? घाडी म्हणाले, काही नाही, माझीच चूक. आणि या बाबतीत ते खरंच होतं, म्हणून तर जास्त झोंबत होतं.

घरी पोचले तर चाळीचे पाच-सहा जण दारात. धोंडूनं पेढे आणले होते, मेल्याला कुणी सांगितलं होतं? मीराबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, "नाव इलां?"

घाडी म्हणाले, "आलं."

मीराबाईंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी पुस्तक रुपालीच्या हातात दिलं. खूण म्हणून दादरहून येताना घातलेलं बसचं तिकीट सत्तेचाळीसवर होतंच, पान आपोआप उघडलं. ह्यां काय लिवलाहा ता वाच गो, मोठ्यान वाच, सगळ्यांका ऐकांदे, मीराबाई म्हणाल्या. रुपालीनं मनात वाचलं. तिचा चेहरा उतरला. तिनं वडिलांकडे बघितलं आणि घाडी खिडकीबाहेर बघत राहिले. मग ती पोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लिहिलंय, ही शेंग चित्रकार जयवंत घाडी यांनी काढली."

सगळ्यांनी मान डोलावली. पेढे वाटले गेले. मीराबाईंनी पुस्तक तसंच उघडं नेऊन देवापुढे ठेवलं आणि रुपालीनं दाखवलं त्या नावावर हळद-कुंकू वाहिलं. मग घाडींजवळ येऊन बसल्या. बायको आयुष्यात फार कमी वेळा हरलेली, पण त्या दिवशी मनापासून बोलली.

"त्या दिवशी मी तुमका उगाच बोललंय," त्या म्हणाल्या. "तुमी ता पुसलात, ताच बरां केलात. सरांनी नाव दिल्यानी ना शेवटी."